एका कमांडचं काम

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. मोठी कामं करणाऱ्याने स्वतःशी तरी बोलावं.

ताई घराच्या पुढच्या खोलीत मुलांना कोडिंग शिकवते. शनिवारी एका शाळेच्या मुख्याध्यापिका तिचा वर्ग बघायला येणार. पसंत पडला तर कायमची नोकरी. नाहीतर पुन्हा ते कॉल सेंटर, जिथून ती रोज घसा बसवून घेऊन यायची.

मुलांनी ब्राउझरमध्ये प्रोग्राम लिहायचा आणि तो तिथल्या तिथे चालायला हवा. म्हणजे पान दाखवणारा वेब सर्व्हर, जोडीला लिहिलेला प्रोग्राम चालवणारा पायथॉनचा इंटरप्रिटर, दोन्ही एका कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातला बंद डबा. आत काहीही बिघडो, बाहेर धक्का नाही.

ताईने विचारलं, जमेल ना रे? म्हटलं, एका कमांडचं काम.

४ जून
कंटेनर सुरू. सर्व्हरचं पान उघडलं. त्यावर फक्त ‘वेलकम’. भाऊजींना दाखवलं. म्हणाले, यात तू काय केलंस? त्यांना मी उत्तरं देत नाही.

५ जून
पद्धत अशी की डब्यात काय काय घालायचं ते आधी एका फाइलीत लिहायचं. मग डबा केव्हाही नव्याने बांधता येतो. नवशिक्यांना हे बरं आहे. मी चालत्या कंटेनरमध्ये थेट शिरलो आणि एकेक गोष्ट हाताने बसवली. फाइल नंतर. हात चालू असताना कारकुनी कशाला?

६ जून
सर्व्हर आहे, इंटरप्रिटर आहे. एकाच डब्यात असून बोलचाल नाही. ताई म्हणाली, तुझं आणि ह्यांचं आहे तसंच. जेवताना भाऊजी हसले, मी नाही.

दुपारभर काय काय बदललं ते आता आठवत नाही. पण संध्याकाळी चाललं. एक अधिक एक टाकलं, दोन आले. ताईच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, पण ते स्क्रीनमुळे.

७ जून
मुलांनी वापरून पाहिलं. सगळं उत्तम. ताई म्हणाली, आता कृपा कर आणि हात लावू नकोस. भाऊजी म्हणाले, वाटल्यास मी त्याला बाहेर फिरायला नेतो.

फाइल लिहायला बसलो. आज मन लागत नाही. शनिवारनंतर, निवांत.

८ जून, सकाळ
कंटेनर मंद वाटतोय. काल कुणीतरी न थांबणारा प्रोग्राम चालवलेला दिसतो. पाहुण्या यायला अवकाश आहे. अशा वेळी घाबरायचं नसतं. जुना कंटेनर काढून टाकायचा, त्या जागी नवा. एक कमांड. दिली.

८ जून, दुपार
नवा कंटेनर क्षणात उभा राहिला. पहिल्या दिवशीसारखा रिकामा. हाताने बसवलेलं सगळं जुन्याबरोबर गेलं. असं होतं हे मला तत्त्वतः माहीत होतं.

मुख्याध्यापिका आल्या. मुलांनी पान उघडलं. वेलकम. बंद करून पुन्हा उघडलं. वेलकम. बाई म्हणाल्या, वेलकम झालं, आता पुढे? ताई उठून फळ्यावर शिकवायला लागली. खडू दोनदा मोडला.

जाताना बाईंनी विचारलं, ही व्यवस्था कोणी केली? ताई म्हणाली, बाहेरून करून घेतली.

मी तिच्या शेजारीच उभा होतो.

९ जून
बाईंचा फोन आला. शिकवणं आवडलं. पण पुढच्या शनिवारी प्रोग्राम चालताना दाखवा, नाहीतर दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल.

ताईला म्हटलं, घाबरू नकोस, आता माझ्यापाशी अनुभव आहे. ती ‘हो’ म्हणाली आणि फोन घेऊन गॅलरीत गेली. दार लावून घेतलं.

११ जून
ताईने एक तंत्रज्ञ बाई बोलावली. माझी ओळख करून दिली: हा माझा धाकटा भाऊ. पुढे काही नाही.

बाईने संगणक पाहिला. विचारलं, आधीच्या माणसाने फाइल लिहिली नाही? ताई म्हणाली, नाही. बाई म्हणाली, काय एकेक लोक असतात. भाऊजींना खोकला आला. बाई म्हणाली, निदान त्याचा नंबर द्या, त्याने काय काय बसवलं होतं ते विचारते.

 शेवटी मीच म्हटलं, तो काम सोडून गेला.

बाई ताईला म्हणाली, सुटलात.

ताई म्हणाली, हो ना.