तिरोड्याचा वन्समोर

गोंदिया,
पौष वद्य पंचमी

प्रिय धुरपता,

सर्वप्रथम माझी फिर्याद ऐकून घे. आपल्या घरात दोन अडकित्ते होते. पैकी मोठा, पितळी मुठीचा, तू नाटक कंपनीच्या ट्रंकेत घालून अकोल्याला नेलास, आणि माझ्या पदरी तो धाकटा टाकून गेलीस, ज्याला सुपारीपेक्षा बोट अधिक प्रिय आहे. काही दिवस मी सहन केले; क्षमा हे भूषण आहे असे मी मुलांना दरवर्षी शिकवतो. मग एके सकाळी सुपारी दाराच्या बिजागरीत धरली आणि दार लोटले. सुपारी फुटली, बिजागरीही फुटली. आता दार पुरते लागत नाही, पौषाचा वारा थेट माझ्या पाठीवर येतो आणि शेजारच्या मुन्नीबाईची मांजर माझ्या धोतराच्या घडीवर येऊन निजते. या सर्व अनर्थाचे आदिकारण तू आहेस. कार्यकारणभावावर माझ्याशी वाद घालू नकोस. त्याच एका विषयात मला पाठशाळेत बक्षीस मिळाले होते.

फिर्याद संपली. आता तुझे पत्र. ते येऊन आठवडा उलटला. तू एकच प्रश्न विचारलास, की तिरोड्याला तुमी मधातच वन्समोर काऊन ओरडला. आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता उत्तरही तूच लिहून टाकलेस: वरच्या पंचमावर तुझा आवाज फाटू लागला होता, ते मला सगळ्यांच्या आधी कळले, आणि लोकांना कळण्यापूर्वी मी ओरडून तो झाकला. म्हणून तू ठरवलेस की होळीनंतर नायिकेचे काम सुशिलेला द्यायचे आणि आपण राणीच्या आईचे, एकही पद नसलेले काम घ्यायचे. नाहीतर सरळ घरी यायचे. खाली लिहिलेस, 'माझ्या गळ्यापरीस मले तुमचा कान खरा वाटते.' हे वाक्य वाचल्यापासून मी रोज दौत उघडतो आणि रोज बंद करतो. शाई वाळली, ती गोष्ट वेगळी.

इकडची हालहवाल नेहमीचीच. शाळेत नवा हेडमास्तर आला आहे, तो संस्कृतला 'ती मेलेली भाषा' म्हणतो आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहतो जणू तिरडीची तयारी मीच करायची आहे. मुले 'रामः रामौ रामाः' म्हणतात. एवढी वर्षे म्हणत आहेत, आणि खरे सांगू, आता मला त्यांच्या तोंडांच्या हालचालीवरूनच कळते कोण चुकला ते. थकलो आहे ग. कशाने ते सांगता येत नाही. जेवायला रोज लाखोळीची डाळ आणि भात. मुन्नीबाईला दुसरे काही करता येत नाही असे नाही, पण तिचे म्हणणे की मास्तरला काय कळते. परवा ती मागच्या दारातून हाका मारत होती म्हणे. शेवटी पुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली, 'काऊन जी गुरुजी, कवाची बोंबलून राहिली मी! कानात का बोरं घातले का तुमी? बायको कंपनीत आन् ध्यान बी कंपनीत!' मी म्हटले, चिंतनात होतो. ती म्हणाली, चिंतनात भात थंडा होते.

तुझे पत्र हातात घेतले की मला अर्जुनीची ती मंडई, ती दिवाळीनंतरची जत्रा, आठवते. दिवाळी झाली होती, धान कापणीला आले होते, आणि मी तिथल्या शाळेत नुकताच लागलेला, शेंडीला तेल लावणारा एक दिव्य तरुण होतो. तुझा मामा लखनलाल दंडारीच्या नाचगाण्याच्या खेळात बायकांची कामे करायचा. मिशी काढून, नऊवारी नेसून तो गायला उभा राहिला की खुर्चीवरचे पाटीलही लाजायचे. त्या वर्षी तापाने त्याचा गळा बसला. बाईमाणसाने दंडारीत उभे राहणे तर सोडच, गाणे म्हणजे पंचांचा दंड. तेव्हा मामाने काय युक्ती काढली! मामा पुढे ओठ हलवणार आणि तू पडद्यामागे, गोणपाटाच्या आड उकिडवी बसून गाणार. पहिली दोन पदे उत्तम झाली. लोक म्हणाले, लखन्याला देवी पावली. तिसऱ्या पदात मामाला पान थुंकायची तलफ आली. तो पाठ फिरवून कोपऱ्यात गेला, सावकाश थुंकला, तोंड पुसले, आणि तुझा स्वर आपला वर, तारसप्तकात, चांदणीसारखा टांगलेला. सगळ्या मंडईत एकच हलकल्लोळ. पंच उठले. मला मात्र तो स्वर तेवढाच दिसत होता. होय, दिसतच होता. शब्द मुद्दाम वापरला आहे.

पुढचे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना बरे वाटते. कंपनी अर्जुनीवरून जात होती, मालकांनी तुला पाहिले, तुला घेऊन गेले. तू पहिली दोन वर्षे सख्यांच्या घोळक्यात मागे उभी राहिलीस. मग नागपूरला नायिकेचे काम करणाऱ्या पुरुषाचा आवाज भर प्रयोगात चिरकला आणि तुला पुढे ढकलले. दुसऱ्या दिवशी हँडबिलावर तू 'मधुमती' झालीस. मी लग्नाचे विचारले तेव्हा आमच्या गावाहून, मुर्रीहून, माझ्या बापाचा निरोप आला. आम्ही पोवार माणसे, माळव्यातून आलो ते नांगर धरायला. 'पोरगा पोथ्या शिकला तेच लय झालं, आता नाटकवालीले घरात आणशीन तं वावरात पाय ठेवू नोको.' मी वावरात पाय ठेवला नाही. माझ्या पायांनाही वावराचे फारसे प्रेम नव्हते, तेव्हा या त्यागाचे श्रेय मला देऊ नकोस.

अमरावती, खंडवा, इंदूर. काळी चार पट्टीत तू गायचीस आणि गॅसबत्त्यांच्या पलीकडे, मांडवाबाहेर बैलगाडीत बसलेल्या माणसालाही शब्द न् शब्द पोचायचा. मुंबईला रेकॉर्ड भरायला गेलीस तेव्हा त्या साहेबाने तुला भोंग्यापासून मागे, अजून मागे सरकवत शेवटी दाराबाहेर उभे केले होते, आवाजाने सुई उडते म्हणून. हे तू सांगितलेस त्या दिवशी मी इतका हसलो की चहा धोतरावर सांडला. आणि प्रत्येक नव्या नाटकानंतर माझे पत्र जायचे. स्वर लागला, जीव लागला नाही. दुसऱ्या अंकात घाई केलीस. पद बरे झाले, पण तबल्याकडे बघून हसलीस, प्रेक्षकांकडे बघ, त्यांनी तिकीट काढले आहे. तू रागवायचीस आणि पुढच्या खेळाला ते दुरुस्त करायचीस. लोक वन्समोर ओरडायचे, फेटे उडवायचे, मी मात्र हाताची घडी घालून बसायचो. संस्कृत शिकलेला मनुष्य ओरडत नाही, असे मी तुला ऐटीत सांगितले होते. खरे कारण असे की ओरडायला तोंड उघडले तर ऐकण्यात खंड पडेल, अशी भीती वाटायची.

तुझी रेकॉर्ड मध्यंतरी बिघडली. म्हणजे मला तसे वाटले. तबला आणि ऑर्गन वाजतात, तू मात्र मध्येच कुठे तरी जातेस आणि परत येतेस. मी दोन वेळा सुई बदलली. मग ती फडक्यात गुंडाळून बाजारातल्या बाजेवाल्याकडे नेली. त्याने आपल्या यंत्रावर लावली, डोळे मिटून मान डोलावली, आणि म्हणाला, 'गुरुजी, प्लेट तो एकदम बढ़िया बज रही है, इसमें खराबी क्या है?' मी म्हटले, काही नाही, सहज. पैसे घ्यायला तयार नव्हता. घरी येताना मी स्टेशनच्या बाजूने आलो. छोट्या लाईनचे इंजिन पुढून आले, धूर दिसला, शिट्टीची वाफ दिसली. सिग्नलवाला हात हलवून माझ्यावर खेकसत होता, तेव्हा रुळांतून बाजूला झालो.

आता तिरोडा. मंडईचे दिवस, आणि पलीकडच्या मैदानात फिरता सिनेमा आलेला. तुमच्या मांडवात निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या अंकात एकही वन्समोर आला नाही. तू आत गेलीस तेव्हा तुझे खांदे जसे पडले ते मी पाहिले. इतक्या वर्षांत तुझे खांदे असे कधी पडले नव्हते. तेव्हा मी ठरवले की संस्कृत गेले खड्ड्यात, दुसऱ्या अंकातले तुझे ते मोठे पद संपले की आपण उठायचे आणि ओरडायचे. मी वाट पाहत बसलो. पद मला पाठ आहे, त्यामुळे शब्द बरोबर चालले होते. शेवटी तबलजीने हात उचलला. तू तोंड उघडून, डोळे मिटून उभी. मांडव स्तब्ध. मला वाटले, संपले. मी उठलो आणि सगळे बळ एकवटून ओरडलो.

धुरपता, त्या वेळी तू गात होतीस. लोक हसले, तू डोळे उघडून माझ्याकडे पाहिलेस, तेव्हा मला कळले की तू गात होतीस. तबला थांबवून तू शब्दांवाचून, नुसत्या आकाराने पंचम धरला होतास, आणि त्यातले मला काहीही ऐकू आले नव्हते. फाटलेला नाही, अखंड नाही, काहीच नाही. आदल्या पावसाळ्यात हिवतापात मी कोयनेलच्या गोळ्या मुठीने खाल्ल्या, तेव्हापासून कानात रातकिडे बसले आहेत. ते दिवसरात्र ओरडतात, आणि बारीक, उंच जे काही असते ते त्यांच्याखाली बुडते. आधी चिमण्या गेल्या, मग शाळेची घंटा, मग तू. पदांचे शब्द मी आठवणीने भरून घेत होतो आणि स्वतःलाच सांगत होतो की ऐकू येते. पण जो आकार तू त्याच क्षणी रचलास, त्याची आठवण माझ्याकडे कुठून असणार? सकाळी स्टेशनवर मी तुझी ट्रंक गाडीत चढवली आणि निघालो. तुला वाटले मी दया केली. मी दया नाही केली ग. मी बहिरा होत चाललो आहे.

तेव्हा माझ्या ओरडण्यावरून तुझे काम सोडू नकोस. मालकांना अजून सांगितले नसशील तर सांगू नकोस. सांगितले असशील तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. आवाज आहे की गेला, हे तुला माझ्याकडून कळणार नाही. ऑर्गनवाल्या यादोरावांना विचार. त्यांचे तुझ्याशी कधी पटले नाही, त्यामुळे ते खोटे गोड बोलणार नाहीत. मला राणीच्या आईची भूमिका करणारी बायको चालेल, गोंदियाला येऊन लाखोळीची डाळ नावाजणारी बायकोही चालेल. पण ती आपल्या गळ्याने ठरवून आलेली असावी, माझ्या कानाने नव्हे.

नागपूरच्या डॉक्टरने सांगितले आहे की जे गेले ते परत येणार नाही, आणि खालचे स्वरही हळूहळू जातील. खालचे म्हणजे बोलण्याचे. मला त्याचीच काळजी लागली आहे, दुसऱ्या कशाचीही नाही. तू घरी येशील, समोर बसशील, काहीतरी बोलशील, आणि तू पूर्वी काय बोलायचीस ते आठवून मी मान हलवत राहीन. तू नवीन काही बोललीस तर मला कळणारच नाही. मांडवाबाहेर लांब रेडे राखणाऱ्या पोरांनाही ऐकू येणारा तुझा आवाज, आणि घरातल्या माणसाला तो नुसता आठवावा लागेल. मला फार भीती वाटते, धुरपता. हे तुला तोंडाने सांगता आले नसते, कारण तू काय उत्तर दिलेस ते मला पुन्हा विचारावे लागले असते.

तुझाच,
केशोराव