जहाजाचा नांगर, एका हाताने

प्रिय दादा,

पत्र बघून चक्रावला असशील. फोन तू उचलत नाहीस, म्हणून म्हटलं, कागदाला तरी परत पाठवणार नाहीस.

आमचं बरं चाललंय. जेवणाच्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो, काल यांनी त्याखाली पुठ्ठा सारला. त्याच टेबलावर दर रविवारी तू तुझी राज्यं मांडायचास. तू गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापला वीर घेऊन तिच्यात शिरायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशाने ठरवायचं. सगळ्यांनी तलवारी घेतल्या, धनुष्यं घेतली. यांनी घेतला जहाजाचा नांगर, साखळीसकट! भांडायला जाताना कोणी नांगर नेतं का, म्हणून तू कपाळाला हात लावलास, तर हे म्हणाले, "माझा गडी खलाशी आहे, तो दुसरं काय आणणार?" दोन्ही हातांनी गरगर फिरवायचा म्हणे तो. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि हसायची.

मग कारखान्यात प्रेसखाली यांचा उजवा हात गेला. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा टेबलाशी बसले तो रविवार तू विसरला नसशीलच. यांनी सांगून टाकलं, की खलाशाचाही उजवा हात गेलाय, पण हत्यार तेच राहील. खेळायला येणारे शेजारचे वकील लगेच म्हणाले, "राहू दे की, खेळच तर आहे." तू मात्र नियमांचं पुस्तक चाळलंस, मिटलंस आणि म्हणालास, "एका हाताने उचल. पण फाशावर पडेल त्यातून चार वजा. आणि नेम चुकला तर नांगर तुझ्याच पायावर."

यांनी फासा टाकला आणि नेम चुकला. वकिलांनी सगळ्यांदेखत तुझी माणुसकी काढली. हे उठून गॅलरीत गेले. तिथे त्यांना डोळे पुसताना तू पाहिलंस आणि चपला घालून निघालास. महिन्याभरात बदली मागून घेतलीस. सात वर्षं झाली, दादा. तुला वाटलं, आपण त्यांना दुखावलं. त्यांना वाटलं, थोट्या माणसाबरोबर खेळणं तुला जड जातंय. आणि मी मधे बसून दोघांची समजूत काढायची, तर मीही मूग गिळून बसले.

गेल्या महिन्यात कळलं खरं काय ते. एका लग्नाला निघालो होतो. यांचं शर्टाचं वरचं बटण लागेना, म्हणून मी पुढे झाले, तर फिस्कारले, "तुझा दादा असता तर म्हणाला असता, चार वजा कर आणि लाव!" मग पलंगावर बसले आणि बोलत सुटले. दवाखान्यापासून जो तो त्यांचा घास मोडून देत होता, अगदी मीसुद्धा. त्या टेबलाशी पहिल्यांदा कोणीतरी त्यांना चुकू दिलं. गॅलरीत ते रडले ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. पुढच्या रविवारी तुला तसं सांगणार होते. पुढचा रविवार आलाच नाही. इतके रविवार आपण कशापायी घालवले, या विचाराने मला हल्ली घास गोड लागत नाही.

परवा वहिनीचा फोन आला. अर्धांगाच्या झटक्याने तुझी उजवी बाजू गेली, हे तिने आजवर आम्हाला कळवलं नव्हतं. तूच शपथ घातली होतीस म्हणे. जेवतानासुद्धा दार लावून घेतोस, कोणाला जवळ येऊ देत नाहीस. आम्ही शनिवारी सकाळी पोचतोय. यांनी स्वतःची बॅग स्वतःच भरली आहे. त्यांनी दार वाजवलं तर उघड. आणि हे पत्र वहिनी वाचून दाखवत असेल, तर तोंड भिंतीकडे फिरवू नकोस.

तुझीच, रागावलेली आणि वाट बघणारी,
खारूताई