पोस्टरमधली मोनिका

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पहिला नंबर! त्वचारोग परिषदेच्या पोस्टर स्पर्धेत पहिला! मुंबई-पुण्याची झाडून सगळी कॉलेजं होती आणि नाव पुकारलं ते आमचं — नगरचं! (अहिल्यानगर म्हणायचं आता. तोंडात अजून बसत नाही.) पंकजा मॅडमनी चक्क मिठी मारली. विभागप्रमुख झाल्यापासून या एका बक्षिसाची वाट बघत होत्या. परीक्षक म्हणाले, ‘तीन डॉक्टरांच्या हातून निसटलेली केस एमडी सेकंड इयरच्या मुलीने पकडली.’ मी नुसती हसत राहिले. गाल दुखले.

पकडली म्हणजे काय — मोनिका आली तेव्हा अर्धा चेहरा लालभडक, सुजलेला. वय वीस. गाव कर्जतच्या पलीकडे. कुणी म्हणालं किडा चावला, कुणी ॲलर्जी, कुणी नागीण. मलमं चोळून बेजार झाली होती. मी मानेवरून बोट फिरवलं तर कानाखालची नस दोरीसारखी जाड लागली. तिथेच कळलं. कुष्ठरोग. चेहऱ्यावर असा एकाएकी भडकलेला फार क्वचित दिसतो. गोळ्यांची पाकिटं आणि स्टिरॉइड चालू केलं, हळूहळू चेहरा मूळचा झाला. आधीचे फोटो, नंतरचे फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी — पोस्टर त्याचंच.

ट्रॉफी घेऊन पोस्टरला खेटून उभी राहिले, माझ्याच बॅचच्या अश्विनीने फोटो काढला. लगेच घरच्या ग्रुपवर टाकला. आई फोनवर रडायलाच लागली. दादा म्हणाला, ‘थांब, सगळ्या सोनईला कळू दे.’

रविवार, ९ नोव्हेंबर

कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स! मी, ट्रॉफी, मागे पोस्टर. अश्विनी म्हणते, ‘आता तू ओपीडीत पेशंट तपासू नकोस. नुसतं दर्शन दे.’

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मोनिका आली नाही. आज तिचा वार. एरवी पहाटेची एसटी धरून आई-लेक सगळ्यांच्या आधी बाकावर हजर असतात. आई म्हणजे लंकाबाई — कधी बोलत नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसून राहतात.

गेल्या खेपेला, पोस्टरसाठी शेवटचा फोटो काढताना, मोनिका लाजत म्हणाली होती, ‘ताई, सुपारी फुटली माजी. तुमच्याच गावात दिलीय. सोनईला!’ मी म्हटलं, म्हणजे मी तुझी नणंद, गोळ्या चुकवल्यास तर कान धरीन. किती हसली. मग विचारलं, त्या लोकांना सांगितलंय का? मान खाली. ‘लगीन झाल्यावर सांगू. तवर बरीच व्हईन की.’ मी पुढे काही बोलले नाही. तिचं तिने ठरवायचं.

मॅडम खुशीत. ‘जानेवारीत दिल्ली. हीच केस, या वेळी स्टेजवर. तयारीला लाग.’

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तिचा फोन बंद. वडिलांचा — कानिफनाथांचा — लागला. ‘मी डॉक्टर आरती’ एवढंच म्हटलं. पलीकडे श्वास ऐकू आला. मग कट.

रविवार, १६ नोव्हेंबर

लिहून काढते.

सोनईत सत्कार होता. दादाने ठरवलेला. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, श्रीफळ, माइकवर ‘आपल्या मातीतली लेक’. खाली उतरले तर एक बाई गर्दीतून पुढे आली. रंगुबाई. आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला राहतात, लहानपणापासून ओळखते. माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी.

‘आरते, लई उपकार झाले बाई तुजे. वाचलो आमी.’

मला वाटलं कुणाला तरी औषध दिलं असेल.

‘तुज्या त्या फोटोतली पोरगी — आमच्या अमृतला केलेली! तुज्या दादानं, अजिनाथनं, गावच्या ग्रुपवर टाकला ना फोटो, आमच्या पोरीनं मोठा करून बघितला. हनवटीवरचा तीळ, कानातलं झुबं — सुपारीत मीच घातलेलं ते झुबं! डोळं झाकून काय व्हतंय? त्याच दिशी मोडलं. महारोग लपवून गळ्यात मारत हुते.’

मी म्हणाले — काय काय म्हणाले! गोळ्या सुरू झाल्या की तो लागत नाही. ती बरी होतेय. इतर कुठल्याही मुलीसारखं लग्न, मूल सगळं होईल. रंगुबाई मान हलवत राहिल्या. बाकीच्या बायाही. एकजण म्हणाली, ‘डाक्टरीन हाय, तिला तसं म्हनावंच लागतंय.’

मग त्यांनी माझ्या हातात पेढा ठेवला.

घरी आल्यावर दादावर ओरडले. आई म्हणाली, ‘अगं, त्याला काय ठाऊक? फोटो तर तूच पाठवलास.’

हो. मीच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दादाने ग्रुपवरचा फोटो काढायला सांगितला ॲडमिनला. ‘पण आरती, किती जणांच्या मोबाईलमध्ये गेला असेल, ते कसं काढणार?’

मॅडमना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. ‘संमती आहे ना तिची? डोळे झाकलेत ना? आपण नियमाने वागलो.’ मी म्हटलं, निदान फ्लेक्स तरी उतरवू. ‘पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या तपासणीला टीम येतेय. ती जाऊ दे.’

संमती होती. मीच वाचून दाखवली होती. ‘डॉक्टरांच्या अभ्यासासाठी’ असं वाचलं होतं. ती म्हणाली, ‘ताई, तुमी म्हनताय म्हनल्यावर काय.’

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आली नाही. स्टिरॉइड असं एकदम तोडलं तर आजार पुन्हा भडकतो, नसा आतून सुजतात. चेहऱ्याची नस गेली तर — नको.

रविवार, २३ नोव्हेंबर

जाऊन आले.

एसटीने कर्जत, तिथून रिक्षा, पुढे पायी. दोन्हीकडे तूर. घर सापडायला त्रास झाला नाही. नाव सांगितल्यावर लोक घर दाखवत होते आणि एकमेकांकडे बघत होते.

कानिफनाथ दारातच उभे. आत या म्हणाले नाहीत.

‘बक्षीस भेटलं म्हनं तुमाला.’

मी माफी मागितली. ती किती पोकळ वाटते ते तोंडातून निघाल्यावर कळतं. ते म्हणाले, ‘ताई म्हनत हुती तुमाला पोरगी. घरात दुसरं नाव न्हवतं. ताई आसं म्हनली, ताई तसं म्हनली. पानी भरायला गेली तर बाया हांडं उचलून घेत्यात आता. धाकटीला शाळंत एकटीला बसवत्यात. तुमाला बक्षीस भेटलं, आमाला काय भेटलं, सांगा की?’

लंकाबाईंनी आतून काहीतरी म्हटलं. ते बाजूला झाले.

मोनिका आतल्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तरी वळली नाही. पुढे जाऊन बसले. चेहरा पुन्हा लाल, सुजलेला. आणि डावा डोळा — मिटत नाही. पापणी अर्ध्यात येऊन थांबते. डोळ्यातून पाणी गळतंय, ते रडण्याचं नाही. ओठाची डावी कडही उतरलेली.

‘गोळ्या?’

‘हिरीत टाकल्या.’

‘का गं?’

‘बरी हून कुनाला दाखवू?’

मी सांगितलं — आत्ता चल, स्टिरॉइड पुन्हा चालू केलं तर डोळा परत मिटेल. उशीर झाला तर बुबुळ सुकेल, दिसायचं बंद होईल. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, ‘तुमच्या दवाखान्याच्या दारावर मी टांगलीय म्हनं. त्याच दारातनं यिऊ का?’

डोळ्याचे थेंब, मलम, नवी पाकिटं लंकाबाईंच्या हातात दिली. त्यांनी घेतली.

एसटीत खिडकीशी बसून रडले. शेजारची बाई म्हणाली, ‘कोन गेलं का, बाई?’

सोमवार, २४ नोव्हेंबर

मॅडमना डोळ्याचं सांगितलं. खुर्चीत मागे टेकल्या. मग —

‘फोटो घेतलास?’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनाच ऐकू आलं असावं आपण काय बोललो ते. चष्मा काढून पुसायला लागल्या. ‘सवय गं. वाईट सवय आहे.’ मग स्वतःच्या ड्रायव्हरला फोन लावला. उद्या त्यांची गाडी कर्जतला जाणार, मोनिकाला आणायला.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

गाडी रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, त्यांनी पाणी विचारलं, चहा विचारला, पोरगी दिली नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर

फ्लेक्स कापला. भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत. अश्विनीने शिडी धरली. वॉचमन धावत आला — ‘मॅडम, परवानगी?’ म्हटलं, माझाच फोटो आहे. तपासणीची टीम आत जेवत होती. मॅडमना कळलंच असणार.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

परिषदेला मेल केला — बक्षीस परत घ्या, वेबसाइटवरून पोस्टर काढा. उत्तर आलं: पोस्टर काढू, बक्षीस परत घेण्याची तरतूद नाही. शेवटी ‘हार्दिक अभिनंदन’. मॅडमना सांगितलं की दिल्लीला जाणार नाही. ‘करिअरचा विचार कर.’ केला, म्हटलं.

अश्विनी म्हणते, तू स्वतःला जास्तच शिक्षा करतेयस. शिक्षा कसली! दोन्ही डोळे मिटून झोपते मी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

आल्या! लंकाबाई मोनिकाला घेऊन आल्या. नवऱ्याला न सांगता, पहिल्या एसटीने. मोनिकाने ओढणी चेहऱ्यावरून पार खाली ओढलेली. गेटपाशी थांबली, वर बघितलं, मग आत आली. हे अश्विनीने सांगितलं, मी तेव्हा वॉर्डात होते.

ॲडमिट केलं. स्टिरॉइड चालू. रोज रात्री डोळ्याला मलम आणि पट्टी. मॅडम स्वतः येऊन बसल्या तिच्या खाटेवर, बोलत राहिल्या. डोळा परत येईल का? येईल असं मॅडम म्हणतात. नक्की असं म्हणत नाहीत.

मोनिका अश्विनीशी बोलते, सिस्टरशी बोलते. माझ्याशी नाही. मी मलम लावते तेव्हा छताकडे बघते.

सोमवार, १ डिसेंबर

आजही नाही बोलली. पण सिस्टर मलम लावायला गेली तेव्हा म्हणाली म्हणे, ‘त्यान्ला यिऊ द्या.’

मंगळवार, २ डिसेंबर

ओपीडी संपल्यावर लंकाबाई आत आल्या. स्वतःच दार लावलं. माझ्याकडे पाठ करून पदर सोडला आणि पोलकं वर केलं. पाठभर फिकट चट्टे. मी बोट टेकवलं. ‘कळतंय का?’ ‘न्हाई. लई वरसं झाली.’

दर मंगळवारी या माझ्यापासून हातभर अंतरावर बसायच्या. मी मोनिकाचा चेहरा समोरून टिपला, डावीकडून, उजवीकडून.

‘घरात कुनाला हाय का, आसं तुमी तिला इचारलंत, ताई. मला कुटं इचारलं?’

मग दार उघडलं. बाहेर बाकावर सकाळच्या एसटीने गावाहून आणलेली धाकटी बसली होती, शाळेच्या गणवेशात. लंकाबाईंनी तिचा हात धरून आत आणलं, बाही वर सारली.

‘हिला बी बघा.’