चौकड्यांच्या शर्टाची पाठ

नेब्रास्का, शनिवार

लाडक्या बाबांना,

आधी खुशाली: मी धडधाकट आहे आणि पोटभर जेवते. आता रागावू नका. पदवी घेताना झग्याच्या आत घातलेल्या तुमच्या लाल चौकड्यांच्या शर्टाची पाठ आज कापली गेली.

माझ्या दवाखान्यापलीकडे विल्मा क्राउसबाईंच्या मक्याच्या शेतात गवताची धावपट्टी आहे. जागा त्यांची, पण कुणीही विमान उतरवावं, कॉफी प्यावी. त्याच मला विमान शिकवतात. दूरच्या शेतांवरच्या आजाऱ्यांपर्यंत माझ्यासारखी नर्स वेळेत पोचायलाच हवी ना? तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमची झोप उडाली असती. तुमचा खोकला कसा आहे? खाणीत तोंडाला फडकं बांधता ना?

आज बाई अचानक विमानातून खाली उतरल्या. "जा पोरी, एकटी चक्कर मारून ये. गाय आडवी आली तर तिला वाचव, विमान जुनंच आहे!"

बाबा, मी एकटी उडाले! उतरताना विमानाने दोन उड्या मारल्या, पण उतरले.

लगेच बाईंनी कात्री काढली. ही वैमानिकांची जुनी रीत: पूर्वी इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून गुरू मागे बसून शिष्याचा शर्ट ओढून इशारा देत. एकटं उडालेल्याला ओढायचं कशाला, म्हणून पाठ कापायची.

"अहो, हा बाबांचा आहे!"

"मग तुकडा त्यांनाच धाड. म्हणावं, आता पोरीला मागे ओढू नका."

मी म्हटलं, "त्यांनी कधी ओढलंच नाही. पुढेच ढकललं."

तुकडा सोबत आहे.

जमिनीवर सुखरूप असलेली,
तुमची ओपल