मागावरचं जर्मन

१४ जुलै १९९७, पहाटे ५.१०
नळाच्या रांगेत उभा राहून लिहितो आहे. पुढे चार हंडे. काल युनिव्हर्सिटीच्या फलकावर नियम वाचला. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जायचं तर एका परदेशी भाषेची परीक्षा द्यायची, लेखी आणि तोंडी दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. सकाळच्या वर्गातली मुलं घाबरली. मी नाही. बी.ए. मी माग चालवत, बाहेरून केलं आहे. जर्मन तीन महिन्यांत संपेल. उरलेल्या वेळात फ्रेंच.

१६ जुलै
वडिलांशी, म्हणजे नानांशी, बोललो. नाना आणि मी बमरोलीच्या एकाच यंत्रमाग कारखान्यात. आठ माग त्यांचे, आठ माझे. ठरलं ते असं : मी चारला क्लासला निघायचं, सातपर्यंत नानांनी सोळा माग बघायचे. नापास झालो तर शिक्षण बंद, पूर्ण पाळी, कायमची. नाना म्हणाले, "एक सालच. मना पाय दुखतस."
सालाची गरज पडणार नाही.

४ ऑगस्ट
क्लास सुरू. अठवा लाइन्सची श्रीमंत वस्ती, देसाई मॅडमच्या घरी. घरात गालिचा, पंखासुद्धा आवाज करत नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला पुढून उठवून शेवटच्या बाकावर बसवलं. कच्च्या मुलांना पुढे ठेवतात, हे माहीत होतं.

२२ ऑगस्ट
सरावाला उत्तम जागा सापडली : माग. सूत घेऊन धावणारे धोटे खडखडू लागले की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, त्यामुळे चुकलो तरी लाज नाही. फक्त स्वतःचं स्वतःला ऐकू येईल इतका आवाज लावावा लागतो. तीन दिवसांत घसा बसला. खडीसाखर आणली.

३ ऑक्टोबर
मॅडमनी मला खिडकीजवळ हलवलं. हवा चांगली आहे.
शेजारच्या मागावरचे बळीरामकाका खुणेने विचारत होते, सेठला शिव्या देतोस काय. खुणेनेच नाही म्हटलं. फ्रेंच जानेवारीत.

१० नोव्हेंबर
वीजकापाची सुट्टी. माग बंद, म्हणून खोलीतच सराव केला. 'माझे नाव, माझे गाव, माझे कुटुंब' हा पाठ. शेजारच्या पार्वतीबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, मागून अर्धी चाळ. नाना झोपेतून उठून म्हणाले, "कोनाशी भांडी ऱ्हायना रे?" कुटुंबाची ओळख करून देत होतो, असं सांगितलं. जर्मन भाषाच कडक आहे, त्याला मी काय करणार.

९ डिसेंबर
मॅडमनी माझी खुर्ची बाहेर ओट्यावर ठेवली. सगळं ऐकू येत नाही, पण विश्वास दाखवला. फ्रेंच रद्द. एकाच भाषेवर लक्ष द्यावं.

१९ जानेवारी १९९८
मॅडम म्हणाल्या, तुमची लेखी तयारी पूर्ण आहे, आता आला नाहीत तरी चालेल. दोन महिने आधीच कोर्स पूर्ण. पेढे घेऊन गेलो. घरचे सगळे गाढ झोपेत असल्यासारखं कुजबुजत बोला, एवढं त्यांनी दोनदा बजावलं. आमच्या घरात गाढ झोपलेल्याशीही कोणी तसं बोलत नाही.
आता चारनंतरही मागावर थांबून सराव करता येईल. माग मात्र नानाच बघतात. दोन कामं एकदम केली की उच्चार बिघडतात.

२४ मार्च, संध्याकाळ
लेखी छान गेली. आज तोंडी. बंद खोली, हिरवे पडदे, दोन परीक्षक. बाई फारच हळू बोलत होत्या. मागावर आम्ही समोरच्याचे ओठ बघून समजून घेतो, पण बाईंनी तोंडापुढे कागद धरलेला. चार वेळा पुन्हा विचारायला लावलं. मग कुटुंबाची ओळख करून दिली. एकही शब्द चुकला नाही. मधेच शिपाई दार ढकलून आत आला आणि बाईंना विचारू लागला, पोलिसांना फोन लावू का. बाईंनी कानावरचा हात काढला नाही. थोडक्यात, छाप पडली.

२ मे
निकाल. लेखी शंभरात बहात्तर. तोंडी नापास.
फेरतपासणीचा अर्ज करणार होतो. देसाई मॅडमकडे गेलो. त्यांनी दारातच सांगितलं, की भाऊ, तुमचं जर्मन बरोबर आहे, पण ते ऐकवत नाही. घरी येऊन नानांना सांगितलं. ते पायाला तेल लावत होते, लावत राहिले.

४ मे
पूर्ण पाळी सुरू. चार वाजले तेव्हा सवयीने उठलो, परत बसलो. नाना भिंतीला टेकून खाली बसले होते, डोळे मिटून. एवढ्या आवाजात.
बळीरामकाकांच्या कानाशी जाऊन विचारलं, मी खरंच फार मोठ्याने बोलत होतो का. ते कानात ओरडले, "काय की बाबा. साल झालं तुझे नुसते ओठ हलताना बघतोय. आवाज कधी आलाच नाही."

खर्च : क्लास ९००, शब्दकोश १६०, परीक्षा १५०, खडीसाखर ३५. एकूण १२४५ रुपये. पेढे आठवत नाहीत.
देणं : क्लासच्या फीसाठी उसने घेतलेले बळीरामकाकांचे २००. नानांचे रोजचे तीन तास, ऑगस्टपासून मार्चपर्यंत. रुपयांत कसे धरायचे ते कळत नाही, म्हणून रकाना मोकळा ठेवला आहे.