एक तारखेची नोकरी

ओटास्कीम, निगडी
मंगळवार, २५ नोव्हेंबर

तीर्थरूप अप्पा,

स्वप्नालीचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं इथे ठीक आहोत. थंडीने तुमचा खोकला वाढला असणार, आणि तरीही तुम्ही कानाला मफलर न बांधता सकाळी सकाळी डेपोत गप्पा मारायला जात असणार. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण तुमचा डेपो काही सुटत नाही.

पत्र बघून घाबरू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मी ओरडून बोलते, मग शेजारच्या अंबुबाईंना वाटतं आमचं भांडण लागलंय आणि त्या दारात येऊन उभ्या राहतात. मोबाइलवर लिहावं तर तुम्ही प्रत्येक गोष्टीला अंगठा पाठवता. मागे मला ताप आला होता, त्यालाही अंगठाच आला. आजच्या गोष्टीला मला अंगठा नको आहे, म्हणून कागद घेतला.

रविवारी तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. पेढ्यांचा बॉक्स हातात धरून डेपोत उभे आहात, बाजूला तुमचे जुने कंडक्टर, सगळ्यांची तोंडं भरलेली. खाली लिहिलंत, ‘मुलगी हिंजवडीला मोठ्या कंपनीत लागली.’ आई गेल्यापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बराच वेळ मी तो फोटो बघत बसले. मग मीही अंगठाच पाठवला.

तुमच्या जावयाचं, विलासचं बरं चाललंय. चाकणला या महिन्यात पुन्हा नाइट लागली आहे. सकाळी आठला आला, दोन पोळ्या खाल्ल्या आणि झोपला. इथे पाणी आता एक दिवसाआड येतं. निगडीच्या स्टँडसमोरचा तुमचा आवडता भजीवाला गावी गेला म्हणतात.

किती टाळू? अप्पा, मी हिंजवडीची नोकरी घेतलेली नाही. एक तारखेला मी तिथे जाणार नाही. शुक्रवारीच त्यांना कळवलं. म्हणजे तुम्ही पेढे आणलेत, तेव्हा ती नोकरी माझी नव्हतीच. फोटो आला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तुमचा हसरा चेहरा बघून माझं धाडस झालं नाही.

आता कारण विचाराल. मलाही ते नीट मांडता येत नाही. पगार आत्ताच्या जवळजवळ तिप्पट होता, घरापासून कंपनीची गाडी होती. काम वाईट होतं असंही नाही. गाडीच्या दाराला आतून जी कडी असते, तिच्या मागचा आधार कॉम्प्युटरवर काढायचा. तो लाखो गाड्यांत बसला असता. हिंजवडीत हेच काम करणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या निम्म्या मुली तेच करतात आणि सुखात आहेत.

आमचं वर्कशॉप तुम्ही पाहिलेलं नाही. ट्रस्टचं आहे, दोन खोल्या आणि वर पत्रे. प्रेस मशीनवर, कटिंगवर ज्यांचे हात जातात, बोटं जातात, त्यांना आम्ही कामापुरते हात बनवून देतो. कंपन्यांना गुरुवारची सुट्टी, म्हणून आमच्याकडे गुरुवारी रांग लागते आणि आमची सुट्टी मंगळवारी. विलासची आणि माझी सुट्टी कधी एका दिवशी येत नाही. घरी आले की पाठ धरलेली असते, बोलायचंही जिवावर येतं. हे काम करून मी फार आनंदात असते असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. मी दमते, अप्पा.

पण छबूबाईंचं सांगते. चाकणजवळच्या खेड्यातल्या आहेत, वय पन्नाशीचं. एका लहान शेडमध्ये प्रेसवर होत्या, उजव्या हाताची चार बोटं गेली. बाहेरून कोणीतरी त्यांना रबरी हात आणून दिला होता, रंगाने हुबेहूब, नखंसुद्धा. तो त्या लग्नाला जाताना घालतात. आमच्याकडे आल्या तेव्हा मी विचारलं, हाताने काय करायचंय? म्हणाल्या, “भाकर थापायचीय. सुनंच्या हातची खाऊन कटाळा आलाय.”

भाकरी थापायचा हात कुठे विकत मिळत नाही. पहिला केला, त्याला पीठ चिकटलं. दुसरा केला, तर भाकरी उचलतानाच फाटली. त्या पीठ घेऊनच येतात. माझ्या टेबलावर परात मांडतात, कोपऱ्यातल्या शेगडीवर तवा ठेवतात आणि रांगेतली माणसं बसल्या जागेवरून सल्ले देतात. परवाच्या गुरुवारी तिसरा हात बांधला. माझ्या मनात होतं, हा जमला की छबूबाईंना शेवटचा नमस्कार करायचा आणि मोकळं व्हायचं. भाकरी झाली, तव्यावर पडली, मला तर रडूच येणार होतं. छबूबाईंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“हिकडं जाड, तिकडं पापड झालीया. आन हात लय जड हाय गं. खांदा भरून आला माजा. हलका कर.”

“वेळ लागेल, मावशी.”

“लागंना. मी कुटं पळून चाललेय? पुढल्या महिन्यात पयल्या बेस्तरवारी येते.”

आणि मी म्हटलं, “या.”

एवढंच झालं. पुढल्या महिन्यातला पहिला गुरुवार म्हणजे मी हिंजवडीत बसलेली असायला हवी होते. हे मला त्या क्षणी माहीत होतं आणि तरी तोंडातून ‘या’ गेलं. बसमध्ये उभी होते तेव्हा डोक्यात नोकरी नव्हती, वजन कुठून काढायचं तेच चाललं होतं. मनगटापाशी पट्टी उगाच रुंद आहे. आतला पत्रा काढून जाड कापड घातलं तर जमेल. निगडी आली तेही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोकरीला नकार कळवून टाकला.

तुम्हाला हे कळेल, असं मला वाटतं. ट्रॅव्हल्सवाल्यांनी तुम्हाला पुण्याच्या रात्रीच्या गाडीवर बोलावलं होतं, एसटीपेक्षा कितीतरी जास्त देत होते. तुम्ही गेला नाहीत. मुक्कामी गाडीची गाव वाट बघतं म्हणायचात. सकाळी दूधवाले, शाळेची पोरं, दवाखान्यात जाणाऱ्या म्हाताऱ्या, सगळे तुमच्याच गाडीला. लहानपणी मी शाळेत तुमच्याबद्दल फुशारकी मारायची.

त्याच वेळी घरात आई साड्यांना फॉल लावत बसलेली असायची. तिच्या मशीनचा आवाज ऐकतच मी झोपायची आणि सकाळी उठायची तेव्हाही तो चालूच असायचा. मला तो तुमच्या गाडीशी कधी जोडता आला नाही. आता येतो.

कारण विलास, अप्पा. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

गेली चार वर्षं माझ्या या कामाचा भार तो उचलतो आहे. नाइट घेतो, ओव्हरटाइम घेतो, सुट्टीच्या दिवशीही बोलावलं तर जातो. मला कधी बोलून दाखवत नाही, थट्टा करतो फक्त. ‘आमच्या डॉक्टरीणबाई आल्या का हात जोडून,’ म्हणतो. दिवसा झोपता यावं म्हणून त्याने खिडकीच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. इतक्या वर्षांत आमच्या खोलीत ऊन आलंच नव्हतं. माझी हिंजवडीची निवड झाली त्या दिवशी त्याने सुपरवायझरला सांगून टाकलं, एक तारखेपासून नाइट नको, ओव्हरटाइम नको. घरी येऊन बादलीत पाणी घेतलं आणि तो सगळा कागद ओला करून नखांनी खरवडून काढला. गाणं म्हणत होता. मी त्याला टॉवेल दिला.

आत्ता तो झोपलाय तिथे भर उजेड आहे. डोळ्यांवर माझी ओढणी टाकलीय आणि तरी सारखा कूस बदलतोय. मी पायाशी बसून हे लिहितेय. आठ दिवसांचाच प्रश्न आहे, असं म्हणून तो या उन्हात झोपतो. मला पुन्हा नाइट दे, हे आता त्याला सुपरवायझरला जाऊन सांगावं लागणार, आणि ते माझ्यामुळे.

छबूबाईंना ‘या’ म्हणताना मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो बहुतेक हो म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही, असंही मनात येतं. त्याच्या त्या ‘हो’चं ओझं मला नको होतं. दुपारी तो उठेल. हे पाकीट पोस्टात टाकायच्या आधी मी त्याला सांगणार आहे. तो काय करेल ते मला माहीत नाही. चिडला तर बरं वाटेल. त्याने पुन्हा थट्टा केली, तर मात्र माझं कठीण आहे.

डेपोतल्या लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझ्यावर रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण एका गोष्टीचं उत्तर लिहून पाठवा, आणि ते खरं लिहा. ट्रॅव्हल्सवाल्यांना नाही म्हणालात, तेव्हा तुम्ही आईला आधी विचारलं होतंत का? विचारलं असेल तर कोणत्या शब्दांत, तेही लिहा. मला ते शब्द आज दुपारीच हवे आहेत. तुमचं उत्तर येईपर्यंत आठवडा जाईल, हे कळतं. तरी लिहा. आणि विचारलं नसेल, तर तेवढंही लिहा.

तो जागा होतोय. चहा टाकते.

तुमच्यावरच गेलेली,
स्वप्नाली