अर्धा पेला थंडा

७ एप्रिल, सोमवार
सागरचं डायलिसिस उरकून नगरहून चारला घरी. रक्तात फॉस्फरस वाढलाय, म्हणून ती खाज. पाठ नखांनी सोलून काढलीय. डॉ. म्हणाले, दूध बंद, डाळ-शेंगदाणे मोजून. सव्वीस वर्षांचा माझा नवरा, आमच्या चंद्री गाईच्या कासेखाली बसून धारोष्ण पिणारा. तोंड एवढंसं झालं. मग मीच काळ्या थंड्याचा, बाटलीतल्या कोलाचा, अर्धा पेला दिला. साखर-पाणीच तर आहे. डॉ.नी ठरवून दिलेल्या दिवसाच्या पाण्याच्या मापात धरला. किती दिवसांनी हसला!

१० एप्रिल, गुरुवार
थंडा आता रोजचा. भेटायला येणारेही तीच बाटली आणतात. दुधाची किटली मी कुलपात ठेवते. बायको कसली, जेलर झालेय.

२१ एप्रिल, सोमवार
फॉस्फरस आणखी वर. "घरात काहीतरी चुकतंय," डॉ. म्हणाले. माझा संशय सरळ गोठ्यात.
"चोरून दूध पिता ना?"
"आईची शप्पत, न्हाई."
ऐकलंच नाही. तोंडाला येईल ते बोलले, रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी खाली बघत म्हणाला, "व्हय, प्यालो. आता रडू नको."
खरं सांगते, मला बरं वाटलं. चोर सापडला.

२५ एप्रिल, शुक्रवार
चंद्री घोडेगावच्या बाजारात विकायला पाठवली. मीच हट्ट धरला. सासूबाई पदर तोंडाला लावून उभ्या. सागर बाहेर आलाच नाही. संध्याकाळी वाईट वाटून त्याला थंडा पेला भरून दिला.

२८ एप्रिल, सोमवार
तो आत मशीनवर. बाहेर आहारवाल्या मॅडमनी मला बसवलं. काल सकाळपासून त्याच्या तोंडात काय काय गेलं, सगळं सांगा. पाठ म्हटल्यासारखं सांगितलं. थंड्यापाशी त्यांचं पेन थांबलं. "काळा?"
बाटली पिशवीतच होती. त्यांनी मागची बारीक अक्षरं दाखवली. फॉस्फोरिक ॲसिड. डाळीतलं थोडं तरी अंगाला न लागता बाहेर पडतं, हे जवळजवळ सगळं रक्तात जातं म्हणे. "या वयाची सगळीच पितात हो, कोण वाचतं?"
मी बारावी सायन्स. मला वाचता येत होतं.
येताना एसटीत विचारलं, दूध खरंच प्याला होतात?
"तू गप व्हावीस म्हनून म्हनलो."
नेवासा फाट्यापर्यंत मान वर करता आली नाही. माझ्याच हातानं...

२९ एप्रिल, मंगळवार
उरलेला थंडा मोरीत ओतला. चंद्रीचं दावं अजून खुंट्यालाच.
जेवणानंतर तो म्हणाला, "आज थंडा न्हाई का?" माझा हुंदका फुटला. सांगायचं होतं ते रडण्यातच राहिलं. तो घाबरला. जवळ येऊन बसला, खाजवायचंही विसरला.
"आता काय प्यालो म्हनू? तू सांग, मी म्हनतो."
थंड्याचं अजून सांगितलेलं नाही.